मेणबत्तीची शाळा

शास्त्रीय पद्धत म्हणजे काय, हा प्रश्न आपल्यापैकी कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी उत्तर तयार असतं. निरीक्षण, अनुमान, प्रयोग, निष्कर्ष! शाळेत कधीतरी दोन मार्कांसाठी पाठ केलेलं असतं, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. पण हीच पद्धत तिसरी-चौथीतल्या पोराला शिकवायची कशी, असं कुणी विचारलं तर? फळ्यावर चार पायऱ्या लिहून? की व्याख्या वहीत दहादा उतरवायला लावून?

मला पटलेलं उत्तर एका माणसाच्या चरित्रात सापडलं. हा माणूस तुम्हांआम्हां सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या नियमाशिवाय फर्स्ट इयरचा बेसिक इलेक्ट्रिकलचा पेपर निघतच नाही. कपॅसिटरचं माप त्याच्या नावाने ओळखलं जातं. पण आपली त्याच्याशी ओळख म्हणजे एक फॉर्म्युला आणि त्यातलं एक वजा चिन्ह, एवढीच. मायकेल फॅरेडे या माणसाने आयुष्यातली एकोणीस वर्षं नाताळच्या सुट्टीत लहान मुलांना शिकवलं, हे आपल्या कुठल्याच पुस्तकात नसतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनलगतच्या न्यूइंग्टन भागातला. वडील लोहार. तब्येत कायम खराब, त्यामुळे काम कमी आणि घरात चणचण. १८०१ साली इंग्लंडमध्ये धान्याची भयंकर महागाई झाली. तेव्हा नऊ वर्षांच्या मायकेलला आठवड्याला एक पाव मिळायचा आणि तो सात दिवस पुरवायचा असायचा. मेसच्या नावाने रोज बोटं मोडणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं!

शाळेत तो शिकला ते लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशोब. शाळेबद्दलची एक गोष्ट त्याच्या चरित्रांमध्ये सांगितली जाते. लहानपणी त्याला ‘र’ म्हणता येत नसे आणि नेमकं मोठ्या भावाचं नाव रॉबर्ट. बाईंनी ठरवलं की छडीने उच्चार सुधारायचा. छडी विकत आणायला त्यांनी रॉबर्टलाच पैसे देऊन पाठवलं. रॉबर्टने ते नाणं भिंतीपलीकडे फेकून दिलं आणि थेट घर गाठून आईला सगळं सांगितलं. आईने दोघांनाही त्या शाळेतून काढलं. जगाला जनित्र देणाऱ्या माणसाचं शालेय शिक्षण हे असं.

मग तो शिकला कुठे? तर पुस्तकं बांधायच्या दुकानात. तेरा वर्षांचा असताना तो रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रं पोचवायची, परत आणायची. १८०५ साली तिथेच सात वर्षांच्या उमेदवारीवर बुकबाइंडिंग शिकायला राहिला. बांधणीला आलेली पुस्तकं तो रात्री वाचून काढायचा. रीबो मालक म्हणून दिलदार. पोरगा वाचतोय म्हणून त्याने कधी डाफरलं नाही.

त्या ढिगातून दोन गोष्टी फॅरेडेच्या हाती लागल्या. एक होता ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’मधला विजेवरचा लेख. दुसरं होतं जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं संवादरूपी पुस्तक, १८०६ साली निघालेलं. एक शिक्षिका आणि तिच्या दोन विद्यार्थिनी यांच्यातल्या गप्पांतून त्यात रसायनशास्त्र उलगडत जातं. हे पुस्तक त्याला आवडलं, एवढ्यावर गोष्ट संपत नाही. खरी गंमत पुढे आहे. पुस्तकात लिहिलेलं खरं आहे की नाही, हे तो स्वतः करून बघायला लागला. खिशात पैसे नसत. जेवढी रसायनं परवडतील तेवढी आणायची आणि छोटे छोटे प्रयोग करायचे. बाटल्या आणि लाकडाचे तुकडे जमवून त्याने एक विद्युतयंत्रही बनवलं. पुस्तकात जे लिहिलंय तेच समोर घडतंय, असं दिसल्यावरच त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. त्या बाईंचे उपकार तो म्हातारपणीही विसरला नव्हता.

मला विचाराल तर फॅरेडेची सगळी शास्त्रीय पद्धत इथेच आली. निरीक्षण-अनुमान-प्रयोग ही नावं त्याला कुणी सांगितली नव्हती. छापलेलं आहे म्हणून खरं, असं मानायचं नाही आणि छापलेलं आहे म्हणून खोटं, असंही नाही. करून बघायचं, आणि जे दिसेल ते मान्य करायचं. एवढंच.

पुढची कथा सिनेमासारखी आहे. टेटम नावाच्या गृहस्थांच्या घरी संध्याकाळी विज्ञानाची व्याख्यानं होत, प्रत्येक व्याख्यानाला एक शिलिंग. ते पैसे रॉबर्टने दिले. तोच तो, छडीचे पैसे फेकणारा भाऊ! तोही वडिलांसारखा लोहारकामच करायचा. १८१२ साली दुकानातल्या एका गिऱ्हाईकाने फॅरेडेला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. त्याने चार व्याख्यानं ऐकली, घरी येऊन सविस्तर नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, आपल्याच हाताने त्याचं सुबक पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. काही महिन्यांनी डेव्हींच्या प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी केल्याबद्दल कामावरून गेला आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरेडे त्या जागेवर लागला. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या. काम काय, तर बाटल्या धुणं आणि व्याख्यानाच्या वेळी उपकरणं पुढे करणं. पण तो ज्या वास्तूत शिरला ती त्याने जवळजवळ आयुष्यभर सोडली नाही.

पुढे त्याने जे शोध लावले त्यांची यादी दिली तर हा लेख व्हायव्हाची तयारी वाटायला लागेल. १८२१ मध्ये चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली, म्हणजे मोटरचा पहिला अवतार. १८२५ मध्ये बेंझीन. १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन. मग विद्युत-अपघटनाचे नियम, फॅरेडेचा पिंजरा, चुंबकत्वाचा प्रकाशावरचा परिणाम. आणि यातल्या कशासाठीही त्याला गणित वापरावं लागलं नाही, कारण उच्च गणित त्याला येतच नव्हतं! जे काही मांडायचं ते शब्दांत आणि चित्रांत. त्याच्या बलरेषांना समीकरणांचा पोशाख नंतर मॅक्सवेलने चढवला. एम-टूमध्ये केटी लागलेल्यांनी मात्र यातून सोयीचा अर्थ काढू नये.

मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची वही. प्रयोगशाळेत जे घडलं ते तो रोज लिहून ठेवायचा. पुढे परिच्छेदांना क्रमांक द्यायला लागला आणि ते क्रमांक सोळा हजारांच्या पुढे गेले. विशेष म्हणजे फसलेले प्रयोगही त्याच शाईत, त्याच अक्षरात लिहिलेले आहेत. एका तारेतल्या प्रवाहामुळे शेजारच्या तारेत प्रवाह येतो का, हे त्याने १८२५ मध्ये पाहिलं. काही घडलं नाही. तसंच लिहून ठेवलं. १८२८ मध्ये पुन्हा एक प्रयत्न, पुन्हा काही नाही. २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर दोन कॉइल गुंडाळून पाहिलं तेव्हा सुई हलली, पण फक्त बॅटरी जोडताना आणि काढताना. मधल्या वेळात प्रवाह चालू असूनही सुई जागेवर. हा क्षणिक झटका म्हणजे उपकरणातली चूक आहे असं समजून त्याने तो सोडून दिला असता, तर? जे दिसलं तेच लिहिलं, म्हणून ट्रान्सफॉर्मरचं तत्त्व हाती आलं.

आता आपल्याकडची सबमिशनची आदली रात्र आठवा. वर्षानुवर्षं चालत आलेली एक ‘मास्टर’ जर्नल विंगमध्ये फिरत असते. ग्राफ आधी काढला जातो आणि रीडिंग त्यावरून मागाहून घेतली जातात. उत्तर ठाऊक असल्यावर प्रयोगाची गरजच काय? दोष मुलांना देऊन उपयोग नाही. पहिलीपासून ज्याला फक्त उत्तरांचेच मार्क मिळालेत, तो इंजिनिअरिंगला येऊन अचानक सुईकडे कशाला बघेल? म्हणून हा प्रश्न प्राथमिक शाळेतला आहे असं मी म्हणतो.

फॅरेडेला हे कळलं होतं. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं सुरू झाली. १८२७ ते १८६० या काळात फॅरेडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला घेतल्या. युरोपभर कीर्ती झालेला माणूस, डोक्यात शंभर प्रयोग, आणि तो ऐन सुट्टीत पोरांसमोर उभा राहायचा! १८५५ साली तर राणी व्हिक्टोरियाचे पती आणि युवराजही श्रोत्यांत येऊन बसले होते. या प्रसंगाचं चित्र प्रसिद्ध आहे. १९९१ ते २००१ या काळात चलनात असलेल्या इंग्लंडच्या वीस पौंडांच्या नोटेवरही मुलांसमोर व्याख्यान देणारा फॅरेडे होता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही व्याख्यानं फुकट नव्हती. समोर बसलेली मुलं बहुतेक सुखवस्तू घरची. लोहाराचा मुलगा त्या दालनात तिकीट काढून शिरू शकला नसता. आत जाण्याचं भाग्य त्याला स्वतःलाही कुणीतरी तिकीट दिलं म्हणूनच लाभलं होतं. पण पुस्तक कुणालाही घेता येतं. त्याची व्याख्यानं विल्यम क्रुक्सने शब्दशः उतरवून घ्यायची व्यवस्था केली आणि १८६१ साली मेणबत्तीवरचं पुस्तक निघालं. बुकबाइंडरकडच्या पोराला मार्सेटबाईंच्या पुस्तकाने जे दिलं होतं, ते त्याच रस्त्याने पुढे गेलं.

तो शिकवायचा कसा, हे बघण्यासारखं आहे. वक्तृत्व त्याला जन्मतः आलेलं नव्हतं. शिक्षकाला पैसे देऊन तो बोलायला शिकला. व्याख्यान सुरू असताना गती वाढली तर सावकाश, वेळ संपत आली तर वेळ, अशा पाट्या समोर धरायला माणूस ठेवायचा. आणि त्याचा एक नियम होता. हातातला दगड सोडला की तो खाली पडतो, हे अगदी शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण व्याख्यानात तसं म्हणायची वेळ आली तर दगड खरोखर सोडून दाखवायचा. कुठलीही गोष्ट सर्वांना माहीत आहे असं धरून चालायचं नाही. कानाला सांगाल ते डोळ्यालाही दाखवा. चुंबक किती ताकदवान आहे हे दाखवताना त्याने एकदा कोळशाची भरलेली बादली, चिमटा आणि लोखंडी सळई मोठ्या विद्युतचुंबकाच्या दिशेने भिरकावली आणि ती तिथेच चिकटून बसली, अशी आठवण सांगितली जाते. पोरांनी केवढा गलका केला असेल, कल्पना करा!

१८४८ मध्ये आणि पुन्हा १८६० मध्ये, म्हणजे वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, त्याने विषय निवडला मेणबत्तीचा. सहा व्याख्यानं, फक्त मेणबत्तीवर. विजेचा एवढा मोठा संशोधक, पण मुलांसमोर ठेवली ती प्रत्येक घरात असलेली वस्तू. म्हणजे मुलगा घरी गेला की तेच सगळं स्वतः बघू शकेल.

त्याच्या प्रश्नांचा क्रम बघा. मेणबत्ती जळताना वातीभोवती वितळलेल्या मेणाची वाटी तयार होते. कड का वितळत नाही? ज्योतीमुळे तापलेली हवा वर जाते, तिच्या जागी बाजूने गार हवा वर येते आणि ती कड थंड ठेवते. मग एका बाजूने वारा लागला की काय होतं? त्या बाजूची ज्योत कलते, कड वितळते आणि मेण ओघळतं. म्हणजे मेणबत्तीचं ओघळणं हा निव्वळ घाणेरडेपणा राहत नाही, तो आधीच्या उत्तराचा पुरावा होतो.

पुढचा प्रश्न. मेण खाली आहे आणि ज्योत वर, मग मेण वर चढतं कसं? त्याने हात पुसायच्या टॉवेलचं उदाहरण दिलं. पाण्याच्या भांड्याच्या काठावर टॉवेल अर्धा आत, अर्धा बाहेर राहिला की पाणी आपोआप चढून बाहेर ठिबकतं. केशाकर्षण हा शब्द नंतर येतो, टॉवेल आधी.

मग जळतं काय, वितळलेलं मेण की त्याची वाफ? मेणबत्ती हलकेच विझवा आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराजवळ पेटती काडी धरा. वातीला स्पर्श न करताही ज्योत धुरातून उडी मारून खाली येते. त्याने आणखी एक गंमत दाखवली. ज्योतीच्या मधल्या काळसर भागात काचेची बारीक नळी धरून आतली वाफ बाहेर काढली आणि नळीचं दुसरं टोक पेटवलं. एका मेणबत्तीच्या दोन ज्योती!

आणि जळून गेलेली मेणबत्ती जाते कुठे? ज्योतीवर बर्फाने गार केलेलं भांडं धरलं की त्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! पण ते पाणीच कशावरून? तेही तपासून दाखवायचं. मग उरलेला वायू चुन्याच्या निवळीत सोडला की ती दुधाळ होते. आपण फुंकर मारली तरी ती दुधाळ होते. म्हणजे आपल्या छातीत जे चाललंय त्याचं आणि मेणबत्तीचं काहीतरी नातं आहे. एक माणूस चोवीस तासांत सात औंस, म्हणजे जवळपास दोनशे ग्रॅम, कार्बन श्वासावाटे हवेत सोडतो, असा हिशोब त्याने मुलांना दिला. सहाव्या व्याख्यानाच्या शेवटी प्रत्येक मूल स्वतःच एक मेणबत्ती झालेलं असतं.

या सगळ्यात शास्त्रीय पद्धत अशी व्याख्या कुठेही येत नाही. एकच सवय येते. काही नवीन दिसलं की विचारायचं, हे कशामुळे? आणि उत्तर सुचलं की पुन्हा विचारायचं, हे कशावरून?

आमच्या एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात या सवयीची ताकद मी पाहिली. दत्तक गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गावर आम्ही एक प्रयोग नेला होता. तो फॅरेडेचा नव्हे, आपल्या सर्वांच्या शाळेतला. ताटलीत रंगीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा घालायचा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. याचं स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत छापलेलं असतं की हवेतला एक पंचमांश ऑक्सिजन जळून संपला, म्हणून तेवढं पाणी आत आलं. चौथीच्या वर्गालाही ते पाठ होतं. आम्ही ठरवलं होतं की उत्तर कुणी सांगायचं नाही, पोरांनी फक्त काय दिसलं ते सांगायचं. दुसऱ्या खेपेला एक चिमुरडी म्हणाली की ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर आले. तिसऱ्या खेपेला सगळा वर्ग बुडबुड्यांवर नजर ठेवून! मग मागच्या बाकावरच्या एकाने शंका काढली की पाणी मेणबत्ती जळताना चढत नाही, विझल्यावर एकदम चढतं. ऑक्सिजन संपत जातो म्हणून चढत असेल, तर हळूहळू चढायला हवं.

मग एका मेणबत्तीऐवजी तीन लावल्या. ग्लास तोच, म्हणजे आतला ऑक्सिजन तेवढाच. पण पाणी आधीपेक्षा बरंच वर गेलं. पुस्तकातलं उत्तर डगमगलं. ज्योतीने हवा तापते, फुगते, काही हवा बुडबुड्यांतून बाहेर पडते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि पाणी आत ढकललं जातं. मुख्य कारण हे आहे. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा आत बराचसा ऑक्सिजन शिल्लक असतो आणि जळलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड तयार झालेला असतो. हे सगळं त्या पोरांनी आमच्या शब्दांत सांगितलं नाही. त्यांच्या भाषेत हवा आधी फुगली आणि मग चेमटली. पण त्यांनी पुस्तकाची परीक्षा घेतली होती, आणि तीही मार्सेटबाईंचं पुस्तक तपासणाऱ्या त्या पोऱ्याच्याच पद्धतीने. तिथल्या गुरुजींनी रागावायच्या ऐवजी चौथी मेणबत्ती आणून दिली, हे विशेष.

ही सवय लहानपणी लागली नाही तर काय होतं, हे फॅरेडेने मोठ्या माणसांत पाहिलं. १८५३ च्या सुमारास लंडनमध्ये टेबल फिरवण्याचं खूळ शिगेला पोचलं होतं. चारजण टेबलावर हात ठेवून बसायचे आणि टेबल आपोआप हलायचं. कुणी म्हणे आत्मे, कुणी म्हणे वीज. आपल्या हॉस्टेलवरचं प्लँचेट याच घराण्यातलं! लोकांनी फॅरेडेला विचारून विचारून भंडावून सोडलं. त्याने कुणाची टिंगल केली नाही. दोन फळ्या घेतल्या, मधे काचेच्या कांड्या ठेवल्या, रबराने बांधल्या आणि एक लांब काटा जोडला. टेबल हातांना ओढत असेल तर खालची फळी आधी सरकेल; हात टेबलाला ढकलत असतील तर वरची. वरचीच आधी सरकली. आणि काटा बसलेल्यांना दिसेल असा ठेवला, तर टेबल हलायचंच बंद झालं. माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांच्याही नकळत त्यांचे स्नायू काम करत होते. यातली दुर्दैवी गंमत अशी की, मेणबत्तीचं पुस्तक काढणारा क्रुक्स स्वतः मोठा शास्त्रज्ञ असूनही १८७० नंतर अशाच बैठकांच्या नादी लागला. शास्त्रीय दृष्टी एकदा आली म्हणून कायमची मुक्कामाला राहत नाही, एवढं यातून घ्यावं.

१८५५ च्या जुलैमध्ये थेम्स नदीतून बोटीने जाताना पाणी फार घाण वाटलं, तेव्हा त्याने पांढऱ्या कार्डाचे तुकडे केले, ओले केले आणि ठिकठिकाणी पाण्यात सोडले. इंचभर खाली जायच्या आतच ते दिसेनासे होत. लगेच ‘टाइम्स’ला पत्र लिहून हे कळवलं. खर्च काय, तर एक कार्ड. चौथीतलं कुठलंही मूल आपल्या गावच्या नदीवर हा प्रयोग करू शकतं.

१८६२ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आयोगाने शाळांच्या शिक्षणाबद्दल त्याची साक्ष घेतली. मोठमोठ्या शाळांत लॅटिन-ग्रीक भरपूर, विज्ञान जवळपास शून्य, अशी तेव्हाची अवस्था. मुलांना विज्ञान समजतं, साध्या शब्दांत सांगून प्रयोग दाखवला की त्यातलं मर्म त्यांना कळतं, हा आपला अनुभव त्याने तिथे मांडला. अडचण त्याला मोठ्यांची वाटत होती. उत्तम शिकलेली माणसं त्याच्याकडे येत आणि निसर्गातल्या साध्या गोष्टींबद्दलही आपल्याला काही कळत नाही, याचा त्यांना पत्ताच नसे.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्याच्या वहीतला शेवटच्या प्रयोगांपैकी एक आहे. चुंबकाचा परिणाम ज्योतीच्या वर्णपटातल्या रेषांवर होतो का, हे त्याला बघायचं होतं. परिणाम दिसला नाही. लिहून ठेवलं. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचं नातंही त्याने पुन्हा पुन्हा शोधलं होतं. सापडलं नाही, तर तेही जाहीर केलं होतं. स्मरणशक्ती तोवर दगा देऊ लागली होती. २५ ऑगस्ट १८६७ रोजी हॅम्प्टन कोर्टच्या घरात खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. सरदारकी त्याला नको होती, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपदही त्याने घेतलं नव्हतं. १८९६ साली हॉलंडच्या पीटर झेमानने अधिक चांगल्या उपकरणाने वर्णपटाचा तोच प्रयोग केला आणि चुंबकाने रेषा रुंदावताना दिसल्या. त्याला १९०२ चं नोबेल मिळालं. फॅरेडेसारख्या माणसाने हा प्रयत्न करून पाहिला होता, हे वाचूनच झेमानला पुन्हा करून बघावंसं वाटलं होतं. फसलेला प्रयोग प्रामाणिकपणे लिहिला तर चौतीस वर्षांनीसुद्धा कुणाच्या तरी उपयोगी पडतो, तो असा. ‘अ‍ॅडजस्ट’ केलेलं रीडिंग मात्र दुसऱ्या दिवशीही कुणाच्या कामाचं नसतं.

तेव्हा, मित्रहो, छोट्या मुलांना शास्त्रीय पद्धत शिकवायला लॅब लागत नाही. एक मेणबत्ती, एक ग्लास, एक ताटली पुरते. त्याहून कठीण आहे ते शिकवणाऱ्याने गप्प बसणं. मूल बघत असताना उत्तर न सांगणं. आणि त्याने पुस्तकाविरुद्ध काही पाहिलं, तर त्याला दटावण्याआधी आपणही वाकून ताटलीत बघणं. आपल्या कॉलेजच्या आसपास प्राथमिक शाळा आहेत, आणि शनिवारी सकाळी आपल्यापैकी बरेचजण दहा वाजेपर्यंत झोपलेले असतात, हेही जगजाहीर आहे. महिन्यातला एक शनिवार तिथे द्यायला काय हरकत आहे? मेणबत्त्या मी आणतो. आगपेटी आणि तीन मुलं कमी आहेत.